गाळातून वर आलेली डिस्क

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत की आजोबांचा जुना मोबाईल मी एक्स्चेंजमध्ये का दिला नाही. तुमच्या बाबांनी तिकडे बसून माझ्यासाठी नवा फोन मागवला होता, जुना न्यायला माणूस दारात आला होता, आणि मी त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं. तुम्ही हसलात. धाकटी म्हणाली, "आजी, त्यात काय सोनं भरलंय का?" तेव्हा शेजारच्या काकू माझ्याजवळ शेंगा निवडत बसल्या होत्या, म्हणून मी तुमच्या शाळेचा विषय काढला. उत्तर त्यांच्यासमोर देण्यासारखं नव्हतं, आणि फोनवर घाईत सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

यात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. तुमच्या आजोबांचंही नाही. वाचून झाल्यावर त्याचं कारण तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

आजोबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, आणि त्यातली बरीच माकणीच्या धरणावर. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना. लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोर त्यांनी झेरॉक्सचं दुकान टाकलं. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक बाक. मी तेव्हा हायस्कूलात इंग्रजी शिकवत होते. मशीन नवं नव्हतं. सोलापुरातल्या कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेलं, लातूरच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेलं, कपाटाएवढं धूड होतं ते. टेम्पोतून उतरवायला कचेरीतले दोन शिपाई आणि उसाचा रसवाला असे सगळे लागले होते.

आजोबांना खात्यात अर्ज लिहिण्याची सवय होती, त्यामुळे लोक नुसती झेरॉक्स काढायला येत नसत. अर्जही त्यांच्याकडूनच लिहून घेत. त्यांचं अक्षर कसं होतं हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या वाढदिवसाच्या पाकिटांवर पाहिलं आहे. टपोरं, सरळ, आणि शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. "साहेबांनी लिवलेला अर्ज माघारी येत न्हाय," असं लोक म्हणत. येत असे कधीकधी, पण म्हणत.

दुकानात त्यांच्या दोन रीती होत्या. झेरॉक्स काढली की आधी मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हातात, मग प्रती. मशीनच्या वर भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: "मूळ कागद काचेवर विसरू नका." दुसरी रीत बिघडलेल्या प्रतींची. आपल्याकडे तालुक्याच्या गावात काळी पडलेली, तिरकी आलेली झेरॉक्स कुठे जाते? भज्याच्या गाड्यावर. लोहाऱ्याच्या स्टँडवर भजी घ्या, ती संपली की तेलकट कागदावर कुणाचा तरी सातबारा वाचायला मिळतो, कुणाच्या तरी मुलीची मार्कलिस्ट मिळते. आजोबा ही रद्दी कुणाला देत नसत. रोज संध्याकाळी पिशवीत भरून घरी आणत आणि सकाळी बंबात घालत. आमच्या घरी आंघोळीचं पाणी कित्येक वर्षं लोकांच्या बिघडलेल्या झेरॉक्सवर तापलं.

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, दुकानात मदतीला असत. ते यावरून चिडवायचे. "दादा, भजीवाला रोज हात पसरतोय, आन तुम्ही लोकांच्या जातीच्या दाखल्यावर अंग शेकता व्हय?"

आजोबा म्हणायचे, "शेकू दे. भज्यासंगं लोकांची घरं वाचायला नकोत कुणाला."

अशा माणसाच्या दुकानात एक दिवस ती बाई आली. धरणाच्या काठच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, आणि गावच्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण शिजवून देण्याचं काम. त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी दुकानात होते. ती दुपारची वेळ साधून आली होती. कचेरी जेवायला उठली होती आणि बाकावर कुणी नव्हतं. तरी ती पडवीतच उभी राहिली. मी आत ये म्हटलं तेव्हा आली, आणि पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली.

तिला एका सरकारी योजनेत मिळणारी मदत हवी होती. नवरा ज्या आजारात गेला तो तिलाही होता, आणि त्याचा दवाखान्याचा दाखला अर्जाला जोडायचा होता. त्या आजाराचं नाव मी इथेही लिहिणार नाही. औषध रोज घेतलं की माणूस धडधाकट राहतो. अन्नातून, पाण्यातून, हाताला हात लागून तो कुणाला होत नाही. हे डॉक्टर सांगतात, भिंतींवर लिहिलेलं असतं, आणि मी स्वतः वाचून खात्री केलेली आहे. पण गावात हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकाही आईने तिच्या हातचा भात आपल्या लेकराला खाऊ दिला नसता. काम गेलं असतं, आणि मुलगी त्याच शाळेत शिकत होती, तिचं काय झालं असतं ते निराळंच.

आजोबांनी अर्ज लिहिला. मग रस्त्याकडे पाठ करून मशीनसमोर उभे राहिले, म्हणजे कागद कुणाला दिसणार नाही, आणि झेरॉक्स काढली. मूळ कागद तिच्या हातात दिले, मग प्रती दिल्या. तिने त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. मग मशीनकडे बघत म्हणाली, "सायेब, याची येखादी कापी हितं मागं ऱ्हात न्हाय नव्हं?"

"न्हाय, ताई," आजोबा म्हणाले. "तुमच्या हातात दिली तेवढीच. माझा शब्द आहे."

ती गेली. मदत मंजूर झाली. नंतर कधी शाळेच्या कामाने कचेरीत आली की दुकानापाशी थांबून आजोबांना हात जोडायची, बोलायची काही नाही.

आजोबा गेले तेव्हा तुम्ही लहान होता, आणि येऊ शकला नाहीत. ते सगळं इथे लिहीत नाही. दुकान तुमच्या धाकट्या आजोबांनी चालवलं. आजोबा गेल्यानंतरच्या खंडेनवमीला त्यांनी मशीनची पूजा आजोबांच्या जागी बसून केली. झाकणावर हळदकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, आणि दिवसभर मशीन बंद. गिऱ्हाईक आलं तर सांगायचे, "आज त्येला इसावा हाय." पुढे मशीन कुरकुर करायला लागलं, कागद अडकायला लागले, तेव्हा त्यांनी लातूरच्या त्याच व्यापाऱ्याशी बोलून ते देऊन दुसरं घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्याने जुन्या मशीनचं गिऱ्हाईकही ठरवलं होतं. माकणीत माझा एक जुना विद्यार्थी दुकान चालवतो, झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्ती, तो घेणार होता.

मला वस्तू देताना तिच्याबरोबरची सगळी सामग्री द्यायची सवय आहे. मशीनचं इंग्रजी माहितीपुस्तक आमच्या कपाटात होतं. कुणी कधी उघडलं नव्हतं. देण्याआधी पानं पुरी आहेत का बघावं म्हणून मी चाळायला घेतलं आणि शिक्षिकेच्या खोडीप्रमाणे वाचत बसले. शेवटाकडे सुरक्षिततेवर एक प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं की या मशीनच्या पोटात संगणकात असते तशी हार्ड डिस्क आहे. काचेवर जो कागद ठेवाल त्याचं चित्र आधी डिस्कवर उतरतं आणि तिथून कागदावर छापलं जातं. काम झालं म्हणून ते चित्र नाहीसं होतंच असं नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते पडून राहू शकतं, आणि जाणकार माणूस ते परत बाहेर काढू शकतो. म्हणून मशीन दुसऱ्याला देण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर निरर्थक मजकूर लिहून आधीचं सारं खोडून टाकावं.

ते पान मी पुन्हा वाचलं. रोज संध्याकाळी रद्दीची पिशवी घेऊन घरी येणारे आजोबा मला दिसले. आणि त्यांनी बंबात जाळलेलं ते सगळं मागे दुकानात, त्या धुडाच्या पोटात शिल्लक होतं. सोलापूरच्या त्या कार्यालयाचे कागदही तसेच आमच्याकडे आले असतील, आणि इतकी वर्षं आमच्या खोलीत राहिले असतील.

मशीन माकणीला जाणार होतं. त्या बाईच्या गावात झेरॉक्सचं दुकान नाही. त्या गावची माणसं माकणीलाच येतात.

मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, तुमच्या तालुक्यातले सातबारे कोण बघत बसतंय?" मी म्हटलं, "कोण बघेल ते मला माहीत नाही, म्हणूनच फोन केला." शेवटी त्याने माणूस पाठवला. पण खोडायचा जो मार्ग पुस्तकात होता त्याला पासवर्ड लागत होता, आणि तो पासवर्ड सोलापूरच्या त्या कार्यालयाबरोबरच राहिला होता. माणसाने मग डिस्क काढून घेतली आणि मशीनमध्ये दुसरी कोरी बसवली. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून धाकट्या आजोबांच्या हातात दिली. पत्त्यांच्या जोडाएवढी होती.

मला दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला जायचं होतं. मी भावजींना, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांना, बजावलं, "ही जपून ठेवा. मी आले की लातूरला नेऊन खोडून घेऊ आणि मग फोडून टाकू."

"फोडायची?" ते म्हणाले.

"फोडायचीच."

मी सोलापूरहून काळा चष्मा लावून परत आले तेव्हा डिस्क नव्हती.

त्यांनी ती विसर्जन केली होती. लाल फडक्यात बांधून, तिच्याबरोबर जुनी पंचांगं, देवघरातली एक तडकलेली तसबीर, आजोबांचा चष्मा आणि दुकानाचा झिजलेला रबरी शिक्का. आपल्याकडे देवाधर्माची जुनी वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. आणि पाणी कुठलं, तर माकणीच्या धरणाचं. "दादाची नोकरी त्या पाण्यावर झाली, वहिनी," ते मला म्हणाले. "वरीसभर ज्या मशीनला म्या हळदकुकू लावलं, दादानं इतकी सालं लावलं, त्येचं काळीज घेऊन त्याच्यावर हातोडा मारू व्हय? पाण्यात सोडली. पाण्यात काय ऱ्हातंय आता?"

मला रागावता आलं नाही. आजोबांचा चष्माही पाण्यात सोडल्याचं ऐकून तर मी आत निघून गेले. तुमच्या बाबांना तेवढं विचारलं. ते म्हणाले, पाण्याने वरचं सर्किट खराब होतं, पण माहिती आतल्या चकत्यांवर असते, ती पाण्याने पुसली जात नाही. पण एवढ्या मोठ्या धरणाच्या तळाशी ती कुणाला सापडणार आहे, आई, तू झोप शांतपणे.

बाबा आता परदेशी राहतात, त्यांच्या लक्षात राहिलं नाही की इथे धरणाला तळ दिसतो.

त्यानंतरचा पावसाळा हात राखून झाला. उन्हाळ्यात माकणीचं पाणी आत आत सरकत गेलं. काठाची जमीन उघडी पडून भेगाळली, आणि शेतात टाकायला गाळ न्यायला ट्रॅक्टर लागले. एका ट्रॉलीत लाल फडक्याचं गाठोडं आलं. शेतकऱ्याने सोडलं, आत देवाची तसबीर बघून पाया पडला, आणि शिक्क्यावरचं दुकानाचं नाव वाचून ते माकणीच्या झेरॉक्सवाल्याकडे, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याकडे, दिलं. त्याने लोहाऱ्याला येणाऱ्या जीपवाल्याबरोबर निरोप धाडला: बाईंना सांगा, साहेबांचं गाठोडं घावलंय. आतली डिस्क म्या वाळत घातलीय, लातूरला पाठवून बघतो काय निघतंय का.

निरोप ऐकला तेव्हा मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला आणि भावजींना म्हटलं, "चला."

जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. पुढे बसलेला एक म्हातारा तंबाखू मळत त्यांना म्हणाला, "काय आण्णा, देव सोडलेला माघारी आला म्हनं तुमचा?" गोष्ट आमच्याआधी जीपमध्ये बसली होती. भावजी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी मनात एकच हिशेब करत होते, की डिस्क लातूरच्या एसटीत चढली नसली म्हणजे झालं.

ती चढली नव्हती. दुकानाच्या दारात, उन्हात, एका स्टुलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर वाळत ठेवली होती. शेजारच्या घरच्या कुरडया वाळत होत्या, तशीच ही. चष्माही होता, एक काच गेलेली. तो भावजींनी आधी उचलला.

विद्यार्थ्याने खुर्ची पुसून दिली. "बसा बाई. तुम्ही मला इंग्रजीत नापास केलं म्हणून हितं बसलोय, न्हाय तर आज कलेक्टर असतो."

"तुला मी काठावर पास केलं होतं," मी म्हटलं. "नापास गणितात झालास."

तो हसला. मग डिस्ककडे बोट करून म्हणाला, "हिला कम्प्युटरला जोडून बघितलं. घरघर करती आन बंद पडती. पण लातूरला एकजण हाय, असल्या बिघडलेल्यातलं पण काढून देतो. आन बाई, मला खरं सांगायचं तर मला साहेबांचे अर्ज पायजेत. त्यांचा एकेक नमुना लई भारी. लोक अजून मागतेत. ते निघाले तर मला कामाला येतील, आन तुम्हाला म्या त्यांच्या अक्षरातला पुरा संच काढून देतो. फुकट."

त्याचा हेतू वाईट नव्हता हे तुम्ही लक्षात घ्या. आणि हेही की मी लगेच नको म्हटलं नाही. आजोबांचे अर्ज लोक घेऊन जात. घरी त्यांच्या हातचं म्हणावं असं फार काही राहिलं नाही, किराण्याच्या चिठ्ठ्या सुद्धा मी नीटनेटकेपणाच्या नादात टाकून दिल्या होत्या. त्या स्टुलावर त्यांची कित्येक वर्षांची अक्षरं वाळत होती. मला ती हवी होती. अजूनही हवी आहेत.

तेवढ्यात पायरीशी कुणी उभं राहिलं. मी वर पाहिलं तर तीच होती, दाखल्याची झेरॉक्स काढून नेलेली बाई. शाळेचे कसले तरी तक्ते झेरॉक्स करायला मुख्याध्यापकांनी पाठवलं होतं. तिने मला ओळखलं, भावजींना ओळखलं, आणि स्टुलाकडे पाहिलं.

"ह्ये काय वाळत घातलंय?" तिने विचारलं.

"लोहाऱ्याच्या दुकानातल्या मशीनचं डोकं हाय," विद्यार्थी मोठ्या कौतुकाने म्हणाला. "तिथं आजवर जेवढी झेरॉक्स निघाली ना, समदी ह्येच्या ध्यानात ऱ्हाती. लातूरला धाडणार हाय, उघडून बघायला."

तिच्या हातातले तक्ते तसेच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, याचना नव्हती. आजोबांनी सांगितलेलं खरं की खोटं, एवढंच ती माझ्या तोंडावर वाचत होती. दुकानात आणखी दोघे जण मोबाईल घेऊन बसले होते. तिला काही विचारता येणार नव्हतं, आणि मला काही सांगता येणार नव्हतं.

मी भावजींकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भावजी, गिऱ्हाइकाची प्रत आपल्याकडे मागे राहत नाही, असा तुमच्या दादांचा शब्द होता. माझ्यासमोर दिलेला. ही डिस्क लातूरला गेली तर तो शब्द खोटा पडतो."

"कुनाला दिलता?" भावजींनी विचारलं.

"येईल त्या प्रत्येकाला. भिंतीवर लावला नव्हता एवढंच."

ते चष्मा हातात घेऊन बसले होते. एक बोट मोकळ्या फ्रेमीतून आरपार घातलेलं. मग विद्यार्थ्याला म्हणाले, "उघड ती."

"आण्णा, अहो अर्ज..."

"दादाचा अर्ज ऱ्हाऊ दे. दादाचा शब्द मोठा हाय. उघड."

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने मोबाईलचे बारके पेचकस काढले आणि मुकाट्याने एकेक स्क्रू सोडवला. झाकण निघालं. आत गाळाची एक पातळ साय होती, आणि तिच्याखाली दोन चकत्या. त्याने फडक्याने पुसून त्या बाहेर काढल्या. इतक्या लखलखीत, की बसलेल्या दोघांनीही माना पुढे केल्या. ती बाईही एक पायरी वर आली. चकतीत तिचं तोंड दिसलं.

"आरसाच हाय की," ती म्हणाली. "यात तर काईच लिवलेलं दिसत न्हाय."

"दिसत नाही, पण असतं," मी म्हटलं. "म्हणून फोडायची."

तुमच्या बाबांनी मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं की चकती धातूची असेल तर घासून, भोकं पाडून निकामी करावी, आणि काचेची असेल तर चुरा करावा. विद्यार्थ्याने नखाने वाजवून पाहिली. काच होती. मी लाल फडकं मागितलं, म्हणजे तुकडे कुणाच्या डोळ्यात उडणार नाहीत. चकत्या त्यात गुंडाळून पायरीच्या दगडावर ठेवल्या. आता हातोडा कुणाकडे नव्हता.

"पंक्चरवाल्याकडं हाय," ती म्हणाली. "आनते."

तक्ते माझ्या मांडीवर ठेवून ती निघालीसुद्धा. रस्ता जवळजवळ धावतच ओलांडला. हातोडा आणून तिने तो भावजींपुढे धरला.

त्यांनी टोपी काढून खिशात घातली. गाठोड्याला हात लावून तो कपाळाला लावला. "शिव शिव," म्हणाले, आणि हातोडा मारला. पहिल्या घावाला काचेचा आवाज आला, नंतर नुसता फडक्याचा. ते थांबले तेव्हा मी म्हटलं, "अजून." त्यांनी पुन्हा मारले. मी फडकं उघडून पाहिलं. साखरेसारखा चुरा झाला होता, काही तुकडे मात्र नखाएवढे राहिले होते. मी गाठ परत बांधली आणि पुन्हा म्हटलं, "अजून." बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "आण्णा, बाईंनी तुम्हाला पन वर्गात बसवलं की वो." कुणी फारसं हसलं नाही.

झाल्यावर भावजींनी घाम पुसला आणि मला विचारलं, "आता तरी पाण्यात सोडू का?"

"नको. पाणी खाली गेलं की पायात काचा जातील लोकांच्या."

ती बाई इतका वेळ हातोड्यासाठी थांबल्यासारखी उभी होती. तिने तो घेतला, माझ्या मांडीवरचे तक्ते घेतले, विद्यार्थ्याला दिले. त्याने झेरॉक्स काढली, आमच्याच जुन्या मशीनवर. तिने आधी मूळ कागद मागून घेतले, मग प्रती. जाताना माझ्याजवळ वाकली. वाटलं, पाया पडते की काय. नुसतं म्हणाली, "बाई, जेवून आलाव का?"

मी नाही म्हटलं. पोळ्या ओट्यावर तशाच होत्या.

"मग चला. शाळेतला भात ऱ्हायलाय."

रिक्षाने तिच्या गावी गेलो. पोरं जेवून पांगली होती. तिने आम्हा दोघांना ताटल्या मांडल्या, भात आणि आमटी वाढली. भावजींनी दोनदा घेतला. त्यांना काही माहीत नव्हतं, आजही नाही. निघताना ते तिला म्हणाले, "पोरी, हाताला चव हाय तुझ्या." तिने पदर तोंडाला लावला आणि ताटल्या उचलून आत गेली.

आता आजोबांच्या मोबाईलविषयी. शेवटच्या काही वर्षांत लोक कागद घेऊन येण्याऐवजी त्यांच्या फोनवर फोटो पाठवत. दाखले, रिपोर्ट, कोर्टाचे कागद. आजोबा छापून देत. ते सगळे फोटो अजून त्यात असतील. बाबा दिवाळीला येतील तेव्हा माझ्यासमोर बसून तो फोन नीट खोडतील, मी बाजूला बसेन, आणि मग हवा त्याला द्या. तोवर तो माझ्या कपाटात राहील. त्यात सोनं नाही, पण जे आहे ते आपलंही नाही.

हे लिहिण्याआधी मी तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "नाव नका घालू, गाव नका घालू. मग लिवा."

काचेचा चुरा आम्ही घरी आणला. त्याच महिन्यात दुकानाची पडवी नव्याने बांधायला काढली होती. तो चुरा पायरीच्या काँक्रीटमध्ये कालवला गेला. वर भावजींनी हळदकुंकू वाहिलं, मी अडवलं नाही. आजोबांचे अर्ज त्यातच गेले. त्यांच्या अक्षरातला एक कागद माझ्याकडे आहे, मशीनच्या वर लावलेला, "मूळ कागद काचेवर विसरू नका." तो आता फ्रेम करून माझ्या टेबलासमोर लावला आहे. भावजींनी गाळातून आलेल्या चष्म्याला काच बसवून घेतली, तो ते पेपर वाचायला वापरतात. आणि धरणाच्या काठच्या एका शाळेत दुपारचा भात अजून तीच शिजवते.